मुंग्या गेल्या, असं ती म्हणाली

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या मुलीचे दोन्ही तळहात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींवर आखाजीची मेंदी होती. डाव्या हाताची बोटं नारिंगी होती. उजव्या हाताची काळपट जांभळी.

"मेंदी एकाच दिवशी लावली होती ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "उजव्या हाताला जरा जास्त रंगली."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग कापसाला स्पिरिट लावून उजव्या हाताचं, मेंदी न लागलेलं एक नख पुसलं, दाबलं आणि सोडलं. डाव्या हाताचंही तसंच केलं. डावं नख दाबल्यावर पांढरं झालं आणि लगेच गुलाबी झालं. उजवं होतं तसंच राहिलं. त्यांनी सुई घेतली. नंदू खिडकीबाहेर बघत होती. सुई बोटाला टोचली तरी ती खिडकीबाहेरच बघत राहिली.

तेव्हा माझी बायको वैशाली खाली बसली. मी उभाच होतो. मला अजून समजलं नव्हतं.

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. एरंडोल तालुक्यात वीज कंपनीत वायरमन आहे. लग्नानंतर बारा वर्षांनी आम्हाला नंदिनी झाली. हे घडलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. ज्यांच्या घरात लहान मूल आहे आणि ज्यांच्या ओळखीत कोणी हाड बसवणारा आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. आणि एक गोष्ट मी अर्धीच सांगत आलो आहे, ती पूर्ण सांगण्यासाठीही.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. माझी सासुरवाडी सोनगीरच्या पलीकडे आहे. अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता. मी दोर ओढून पाहत होतो तेव्हा मेहुणा म्हणाला, "काय वायरमन साहेब, झोकाले अर्थिंग दिधं का?" सगळे हसले. दुपारी नंदू त्याच झोक्यावरून पडली. दोर तुटला नाही, कोणी जोरात ढकललंही नाही. तिचा हात सुटला, एवढंच. पडण्यात कोणाची चूक नव्हती.

मनगटाच्या वर हात वाकला होता. वैशाली म्हणाली, "धुळ्याला जाऊ. फोटो काढू." सासरे, त्यांना आम्ही नाना म्हणतो, तेही गाडी काढायला उठले.

नको म्हणणारा मी होतो. मी नऊ वर्षांचा असताना माझा उजवा हात मोडला होता. तो सोनगीरकडच्याच एका हाड बसवणाऱ्या म्हाताऱ्यानं बांबूच्या पट्ट्या लावून बसवला होता. त्या हातानं मी वीस वर्षं खांबावर चढतो आहे. मी बाही वर करून सगळ्यांना हात दाखवला. "याला कुठं काय झालं?" म्हणालो. जावयाचा शब्द कोण मोडणार?

त्या म्हाताऱ्याचा मुलगा आता हाडं बसवतो. तोही आता आबा झाला आहे. त्यानं हात ओढून सरळ केला, पाला वाटून लावला, बांबूच्या पट्ट्या ठेवल्या आणि वरून कापड आवळलं. नंदू किंचाळली. आबा म्हणाला, "सात दिन पट्टी सोडानी नही."

हे वाक्य मी नंतर सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, माझ्या साहेबांना. पण मी मोटारसायकलला किक मारत होतो तेव्हा आबा मागून आणखी एक वाक्य बोलला होता. "सकायमां एकडाव दाखाडी जा. बोटं गार पडनात ते लगेच लई या." उद्या सकाळी एकदा दाखवून जा, बोटं गार पडली तर लगेच घेऊन या. मी हो म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला फोन आला. वाऱ्यानं आमच्या भागात खांब पडले होते. लगेच मोटारसायकलवर आम्ही एरंडोलला परतलो. दाखवायचं राहून गेलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं असं की मला आठवण होती. मी म्हटलं, कशाला.

त्या दिवशी ती खूप रडली. "पप्पा, हाताला मुंग्या आल्यात," म्हणाली. मी म्हणालो, हाड जुळतं तेव्हा येतात. वैशालीनं पट्टी थोडी सैल करू का विचारलं. मी तिच्यावर ओरडलो. सात दिवस म्हणजे सात दिवस.

तिसऱ्या दिवशी मी ड्यूटीवरून आलो तर घर शांत होतं. नंदू चटईवर पडून होती. "पप्पा, मुंग्या गेल्या," ती म्हणाली. "आता दुखत नाही."

मी देवापुढे साखर ठेवली.

लाईन शांत आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी कामावर कधीच धरून चालत नाही. आधी टेस्टर लावतो. घरी मी टेस्टर लावला नाही.

चौथ्या दिवशी तिला ताप भरला. पट्टीतून वास येऊ लागला. वैशालीनं पिशवी भरली. "मी जळगावला निघाले," ती म्हणाली. "तुम्हाला यायचं तर या."

डॉक्टरांनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं. या आजाराला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. मोडलेला हात सुजतो. बाहेरून घट्ट बांधलेलं असलं तर सुजेला जागा मिळत नाही. मग आतला दाब वाढतो आणि रक्त पुढे जात नाही. आधी मुंग्या येतात, कारण नस दबते. मग मुंग्या थांबतात, कारण नस मरते. "दुखायचं थांबलं ना," डॉक्टर म्हणाले, "तेव्हाच खरं तर धावत यायला हवं होतं."

"पट्टी सोडायची नाही असं त्यानं सांगितलं होतं, साहेब," मी म्हणालो. पुढचं वाक्य मी गिळलं.

पहिल्या दिवशी फॅशिओटॉमी केली, म्हणजे दाब कमी व्हावा म्हणून कातडी लांब चिरून आतलं मोकळं करतात. आत काही जिवंत आहे का, ते पाहायचं होतं. दोन दिवस आम्ही लोखंडी बाकावर बसून होतो. शेजारी यावलकडची एक अक्का नातवाला घेऊन आली होती. ती दर वेळी दोन भाकरी जास्त आणायची. "खाई ले भाऊ," म्हणायची. "उपाशी माणूसनी पोर काय बरी व्हत नही." मी खायचो आणि मला स्वतःची शरम वाटायची.

तिसऱ्या सकाळी डॉक्टर बाहेर आले. "गँगरीन आहे. मांस मेलं आहे. विष अंगात पसरतंय. हात वाचवण्याची वेळ गेली. आता मूल वाचवायचं आहे."

अँप्युटेशन म्हणजे अवयव कापून काढणं. कागदावर लिहिलं होतं, उजवा हात, कोपराच्या खाली. सिस्टरनं पेन दिलं. मी सही केली. कोणत्या हातानं, ते सांगायला नको. तो छान बसलेला हात आहे. सही जराही हलली नाही.

नंदूला आत नेताना ती म्हणाली, "पप्पा, आता पट्टी सोडणार ना?" मी हो म्हणालो.

शस्त्रक्रियेनंतर सिस्टरनं हळूच विचारलं, "ते तुम्ही नेणार, का आम्ही बघू?" असा प्रश्न आई-बापाला विचारला जातो, हे मला माहीत नव्हतं. रीतसर अर्ज देऊन मी नेलं. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं, फार हलकं. नाना गाडी घेऊन आले होते. ते पुढे बसले, मी कापड मांडीवर घेऊन मागे. आमच्या गावच्या नदीकाठी आम्ही ते पुरलं. कापड मी उघडलं नाही. आत मेंदी होती.

दवाखान्यात परत आलो तेव्हा वैशाली बाकावर बसली होती. मी तिला आबाचं दुसरं वाक्य सांगितलं. सगळं, शब्द न शब्द. ती ओरडेल, मारेल, माहेरी निघून जाईल, काहीही चाललं असतं.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "मी आबाना दारमाच उभी व्हतू."

तिनंही ते ऐकलं होतं. पहाटे निघताना तिला वाटलं होतं की मी आबाकडे थांबेन. गाडी पुढे गेली तेव्हा ती बोलली नाही, कारण मी चिडलो असतो. तेव्हापासून आम्ही दोघं एकाच घरात आहोत आणि त्या एका वाक्याच्या दोन बाजूंना आहोत. त्यावर आम्ही पुन्हा बोललेलो नाही.

वाचणाऱ्यांना मला इतकंच सांगायचं आहे. बांधणारा कोणीही असो, पट्टी बांबूची असो की दवाखान्यातलं प्लास्टर असो, बोटं उघडी ठेवा आणि दर तासाला बघा. नख दाबून रंग परत येतो का पाहा. बोट सरळ करताना मूल किंचाळलं, बोट गार लागलं, मुंग्या आल्या, तर थांबू नका. आणि मूल अचानक शांत झालं तर अजिबात थांबू नका. बोटं काळी दिसली तर ती आखाजीची मेंदी समजू नका.

आबावर केस करा असं मला पुष्कळांनी सुचवलं. मी त्याच्या गावाला गेलो होतो. तो ओट्यावर बसला होता. मला बघून उठला, पण पुढे आला नाही. मीही गेलो नाही. मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर माझ्याजवळच होतं.

डॉक्टरांचे, सिस्टरचे, त्या अक्काचे आभार मानायला हवेत. मानतो. माझी मुलगी जिवंत आहे. ती डाव्या हातानं लिहायला शिकते आहे. तिचा 'न' उलटा येतो. कृत्रिम हाताचं माप घ्यायला आम्ही सासुरवाडीहून धुळ्याला जाऊन आलो. ज्या रस्त्यानं त्या दिवशी जायचं होतं, त्याच रस्त्यानं. सोनगीरचा किल्ला दिसला तेव्हा मी मान खाली घातली.

परवा दुपारी ती जेवता जेवता थांबली. "पप्पा, मुंग्या आल्यात."

"कुठे?"

तिनं डाव्या हातानं दाखवलं. बाही संपते तिच्यापुढे, हवेत. याला फँटम सेन्सेशन म्हणतात, असं डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं. अवयव नसतो, पण मेंदूला तो जाणवतो. तिला खोटं पाडू नका, असंही म्हणाले होते.

मी ताटावरून उठलो आणि तिच्याजवळ बसलो. "कोणत्या बोटात?"

"करंगळीत. आणि तिच्या शेजारच्या."

"अंगठ्यात?"

तिनं विचार केला. "नाही."

तिनं दाखवलेल्या जागेखाली मी माझा तळहात धरला. वैशाली दारात उभी होती. मग नंदूनं घास उचलला.

"पप्पा, आता जेवा तुम्ही. गेल्या की सांगते."

"सांग," मी म्हणालो. "गेल्या की लगेच सांग."