थांबणारं कुत्रं, उठवणारं कुत्रं

वाटणीत विहिरीकडचं रान दिराला गेलं, रस्त्याकडचं आम्हाला. आणि माझी कुत्रीही त्यालाच गेली. का, तर ती शिकारी जातीची आणि घरात शिकार तोच करतो. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवली मी, पण ओट्यावर बसलेल्या जाणत्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. नवरा म्हणाला, "जाऊ दे, कुत्र्यापायी भाऊ तोडायचा का?" मी म्हटलं, "तोडायचा नाय. रडवायचा."

पडेगावच्या पुढं आमचं रान. दीर तिथं चोरून तितर धरतो. शिकारीला बंदी आहे, बंदुकीचा आवाज होतो, म्हणून जाळं. कुत्री झुडपासमोर एक पाय उचलून थांबली की समजायचं, तितर आत आहे. मग ती पोट टेकून पडते आणि दोघं जण तिच्या अंगावरून जाळं ओढत झुडपावर टाकतात. शीळ वाजेपर्यंत तिनं हलायचं नाही. हे त्यानं तिला काठीनं शिकवलं. तिचं केकाटणं मला चुलीपाशी ऐकू यायचं आणि भाकरी करपायची.

वनखात्याला कळवलं असतं तर तो चार दिवसांत सुटून आला असता आणि सासूबाईंनी जन्मभर मलाच टोचलं असतं. मला त्याला रोज जळताना बघायचं होतं.

शहरात गुलमंडीत ज्यांच्याकडून मी कापड घेते, त्या चाचांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिकारी कुत्री पाळतात. मी त्यांच्याकडं एक कुत्रं मागितलं. त्यांनी विचारलं, "बेटी, रुकनेवाला होना की उडानेवाला?" मला फरक कळेना. ते म्हणाले, थांबणारा पाखरू दाखवतो, उडवणारा झुडपात घुसून त्याला उठवतो. "जाळेवाल्यांचा तर हा दुश्मनच."

"मग तोच द्या," मी म्हटलं.

लोंबत्या कानांचा, एका जागी उभा न राहणारा कुत्रा घेऊन मी घरी आले. रोज पहाटे दीर जाळं घेऊन निघायच्या आत मी त्याला आमच्या बांधावर सोडायची. दोन्ही रानांच्या मधली सगळी झुडपं तो घुसळून काढायचा आणि तितरं भुर्रकन टेकडीपार. दीर लांबून बघत राहायचा. बोलणार काय? मी आपली कुत्रं फिरवतेय. एका रविवारी त्यानं दोस्तांना तितराचं जेवण सांगितलं होतं, त्यांना पिठलं खाऊन जावं लागलं. त्या रात्री मी लई सुखानं झोपले.

महिनाभरात तोच कुत्रीला दोरीनं ओढत दारात आला. "घ्या वहिनी तुमची अवदसा. रिकाम्या झुडपांपुढं उभी राहते." दोरी टाकून गेला. मी तिच्या गळ्यातली दोरी सोडली. जिंकले म्हटलं, आता संपलं.

तिन्हीसांजेला गारठा पडला म्हणून मी तिच्या अंगावर जुनं लुगडं टाकलं. तशी ती धाडकन जमिनीला चिकटली. डोळे उघडे, श्वास धरलेला. मी लुगडं काढलं, कुरवाळलं, नावानं हाका मारल्या, भाकरी तोंडापाशी धरली. हलेना. तिला शीळ पाहिजे होती आणि मला शीळ वाजवता येत नाही. शेवटी नवऱ्यानं वाजवली तेव्हा ती उठली, आणि माझ्याकडं न बघता दिराच्या घराकडं तोंड करून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कुत्रा आमच्या बांधावर सोडला नाही. सरळ दिराच्या रानात सोडला.