पासष्टावा चिंचोका

हे लिहिताना संकोच वाटतो... कारण मी अशा गोष्टी मानणारी नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. टोल्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, कोणाच्या अंगात आलं, की मी आधी ताप बघते. पण गेल्या नव्याच्या सणाला जे झालं, ते मी स्वतःच्या हाताने मोजलं आहे.

आमचा टोला चिचगडपासून आत, जंगलाला लागून. गोंडांची चौदा घरं. बी.ए.च्या प्रोजेक्टसाठी मी गावाची लोकसंख्या हाच विषय घेतला होता — घरोघरी फॉर्म, नाव, वय, शिक्षण, कामासाठी कोण बाहेर. अडला तो माझ्याच घरचा फॉर्म. मोठा भाऊ रमेशदादा तीन वर्षांपूर्वी हैदराबादकडे कामाला गेला आणि त्याचा फोन बंद झाला, तो बंदच.

"नोको लिहू त्याचं नाव," बाबा म्हणाले. "वाट पाहून पाहून तुही माय अर्धी झाली."

मी लिहिलं नाही. एकूण चौसष्ट.

नवा म्हणजे नवीन तांदूळ खायचा सण. त्या दिवशी अख्ख्या टोल्याचं जेवण एकत्र. किती जणांचं रांधायचं ते कळावं म्हणून प्रत्येक घरची बाई माणशी एक चिंचोका सुपात टाकते. बाहेरगावी असलेल्याचाही टाकतात, मेलेल्याचा नाही. दरवर्षी माय दादाचा टाकायची. यंदा तिने तीनच टाकले, आणि लांब जाऊन पळसाच्या पानांचे द्रोण टोचत बसली.

आमचे भूमक, म्हणजे गावदेवाचे पुजारी, बुधराम आजा. त्यांनी मोजलं. "पासष्ट."

"चौसष्ट, आजा. माह्या फॉर्मात आहेत."

"कॉलेजात पाढे शिकवत नाही का वं?"

बाया हसल्या. मी हट्टाला पेटले. सगळे चिंचोके टोपलीत ओतले, सूप उलटं करून झटकलं. एकेका घरच्या बाईला बोलावलं, आमच्या घरचे तीन मीच घेतले; चिंचोके तळहातावर मोजून घेतले, फॉर्मवर टिक केली, मगच सुपात टाकले.

चौसष्ट टिका. सुपात पासष्ट.

पुन्हा केलं. आता कोणी हसत नव्हतं. पासष्ट.

वरून पडला म्हणावं, तर जवळपास चिंचेचं झाड नाही. मायने टाकला म्हणावं, तर ती जागची हललीच नव्हती.

"काऊन होऊन राहिलं असं?" मी विचारलं.

"मले कायले विचारतं?" आजा म्हणाले. "मोजून तं तूच राहिली."

मायने द्रोणासाठी आणखी एक पान उचललं. तेवढ्यात बाबा माझ्याजवळ आले.

"लिह त्याचं नाव."

"वय?"

"सव्वीस. बरोबर लिह."

दादा अजून आलेला नाही. सरांनी फॉर्म तपासताना विचारलं, "ही व्यक्ती सध्या कुठे आहे?" मला सांगता आलं नाही. खोड म्हणाले, मी खोडलं नाही. तो चिंचोका कुठून आला, तेही मला सांगता येत नाही... खूप विचार केला, खरंच.

पुढच्या आठवड्यात बाबा आणि मी हैदराबादला निघतो आहोत. तीन वर्षांत बाबांनी पहिल्यांदा त्याचा फोटो पेटीतून बाहेर काढला. गोंदियाला जाऊन तिकिटंही तेच काढून आले — जायची दोन, यायची तीन.