दातांनी काढलेली क्लिप

मुंगीनं गाडीची क्लिप दातांनी काढली. महिना होत आला, पण ते काही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. घरात निजानीज झाली की पुन्हा तेच दिसतं: तिची वाकलेली पाठ, खाली घातलेली मान, आणि दातांत धरलेली ती एवढीशी तारेची क्लिप.

यात काळजी करण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. आमच्या ह्यांनाही वाटलं. "गिळली तर नाही ना?" एवढं विचारून ते पुन्हा पेपरात शिरले. मी काळजी करते हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. कुणाला शिंक आली की हे मला म्हणतात, "चला, रुग्णवाहिका बोलवा." त्यामुळे माझं म्हणणं सहसा कुणी मनावर घेत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही घेऊ नये अशीच बहुतेक वेळा परिस्थिती असते. पण ही गोष्ट वेगळी आहे. मुंगी कोण आहे हे कळल्याशिवाय ती कळणार नाही.

मुंगी म्हणजे आमची लेक. कागदोपत्री तिला चांगलं भारदस्त नाव आहे, पण लहानपणी ती सतत स्वतःपेक्षा मोठं काहीतरी ओढत या खोलीतून त्या खोलीत न्यायची. एकदा उशी, एकदा बादली, एकदा तर ह्यांची बॅग. ह्यांनी मुंगी म्हणायला सुरुवात केली आणि तिशी उलटली तरी ते नाव काही गळून पडलं नाही. ती दात बनवते. दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेतो, तो साचा हिच्या लॅबमध्ये येतो, आणि ही त्यावरून कॅप, कवळी, जे हवं ते घडवते. पेशंट तिला कधी दिसत नाही, त्याचे दात मात्र पाठ असतात. एकदा आम्ही रस्त्यानं चाललो होतो. समोरून एक गृहस्थ मोबाइलवर बोलत, हसत गेले. मुंगी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, वरचा डावीकडचा माझा आहे."

तर अशा मुलीच्या घरात दात हे हत्यार नाही. दोरा दातांनी तोडायचा नाही, पुडी दातांनी फाडायची नाही, बाटलीचं झाकण तर नाहीच नाही. ह्यांनी एकदा तिच्यादेखत बिस्किटाचा पुडा दातांनी उघडला, तेव्हा तिनं त्यांना समोर बसवून असं काही झापलं की चहा निवून गेला. पुढच्या खेपेला येताना ती ढीगभर कात्र्या घेऊन आली आणि प्रत्येक खोलीत दोरीनं एकेक टांगून गेली. त्या अजून आहेत. न्हाणीघरातही आहे.

आणि त्या मुंगीनं माझ्यासमोर, मोकळ्या मैदानात, क्लिप दातांनी ओढून काढली.

गाडीचं सांगायला हवं. लॅबमधला एक सहकारी गाव सोडून निघाला, तेव्हा त्यानं तिला एक खोका दिला. आत रिमोटवर चालणारी रॅलीची गाडी होती, सुट्या भागांत, निम्मे स्क्रू हरवलेली. सुट्टीला येताना मुंगी तो खोका मांडीवर घेऊनच आली आणि आल्याआल्या जेवणाचं टेबल तिनं काबीज केलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. हे दोनतीनदा टेबलाभोवती फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "या वयात खेळणं?"

"खेळणं नाही, बाबा. गाडीच आहे. फक्त आपण आत मावत नाही."

त्या दिवसापासून मी तिची मदतनीस. माझं काम स्क्रू वेगळे करून बरण्यांच्या झाकणांत ठेवायचं. थोडा विश्वास बसल्यावर तिनं मला ते लावायलाही शिकवलं. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू लावताना तो आधी उलटा फिरवायचा. हळूच. फिरता फिरता एका जागी तो टक् करून खाली बसतो. म्हणजे जुन्या आट्यांत त्याला त्याची वाट सापडली. मग सुलटा पिळायचा. एकदम पिळला तर तो नवीन आटे पाडतो, जुने मरतात आणि ते भोक कायमचं निकामी होतं. मला तो टक् ऐकूच यायचा नाही. ती म्हणायची, "ऐकायचा नसतो, आई, बोटाला कळतो."

खोक्यातली गाडी गुळगुळीत रस्त्यावर पळण्यासाठी होती. मुंगीला ती खडीवर, धुळीत, डबक्यांतून पळवायची होती. मग तिनं ती जमिनीपासून उचलली, स्प्रिंगा मऊ घातल्या, धक्के झेलणाऱ्या शॉकमधलं तेल बदललं. तेल बरोबर आहे की नाही हे बघायची रीतही साधी: गाडी हातातून टेबलावर सोडायची. "मांजरासारखी उतरली पाहिजे, चेंडूसारखी नाही." आम्ही सगळे बसून ते उतरणं बघायचो आणि मतं द्यायचो. रिमोटचा संदेश पकडणारी डबी पाण्यापासून वाचवायला तिनं साच्याचं रबर वापरलं, डॉक्टर आपल्याला चावायला लावतात ते गुलाबी. पुढच्या चाकाचा सांधा सारखा तुटायचा. तो तिनं मेणात कोरला आणि कवळीच्या सांगाड्याचा धातू ओतून घडवला. लॅबच्या मालकीणबाईंना हे माहीत होतं. काम संपल्यावर काय वाटेल ते करा, पण ट्रे वेगळे ठेवा, उगाच कुणाच्या तोंडात स्टिअरिंग बसायचं, एवढंच त्या म्हणाल्या.

सगळ्यात कठीण काम रंगाचं. गाडीची वरची बॉडी पारदर्शक असते आणि रंग आतल्या बाजूनं द्यायचा असतो. म्हणजे सगळं उलटं. जे सगळ्यात वर दिसायला हवं ते आधी काढायचं, आकडे, रेघा, आणि मुख्य रंग सगळ्यात शेवटी. एकदा चुकलं की वरून दुसरा हात मारून झाकता येत नाही. मुंगी बॉनेटवरची लांब रेघ चिकटपट्टी न लावता, नुसत्या ब्रशनं ओढते. माझा श्वास अडकतो, तिचा नाही. कारण लॅबमध्ये ती दिवसभर तेच करते. पुढचे दात नुसते पांढरे नसतात. कडेला थोडी निळसर झाक, मुळाशी पिवळट, मध्ये एखादी न दिसणारी रेघ. मोजक्या केसांच्या ब्रशनं ते तसं उतरवणारं त्या लॅबमध्ये मुंगीशिवाय कुणी नाही. पुढचे दात आले की बाई ते न विचारता तिच्या टेबलावर ठेवतात. तिचा सगळा मान, सगळी ऐट त्या दातांत आहे. नुसतं पोट भरायचं तर दाढाही पुरतात, असं ती म्हणते.

गाडीत ड्रायव्हर हवा म्हणून तिनं त्याचं डोकंही बनवलं आणि त्याला कवळीचे खरे दात बसवले. चेहरा लिंबाएवढा आणि दात माणसाचे, त्यामुळे तो कायम खो खो हसत असतो. ह्यांनी त्याचं नाव जावईबापू ठेवलं. नात्यातलं कुणी आडून आडून विचारायला लागलं की मुलीचं कुठे जमलं का, तर हे गंभीरपणे सांगतात, "जावई रॅलीत असतात. स्वभावानं फार हसतमुख." मुंगीला ते मनापासून आवडतं.

तर गेल्या महिन्यात आम्ही दोघं तिची शर्यत बघायला तिच्या गावी गेलो. बंद पडलेल्या गोदामामागे खडीचं मैदान आहे. गाड्या एकत्र सुटत नाहीत; एकेक गाडी घड्याळाशी पळते. मुंगी चौथऱ्यावर उभी राहिली, पाय फाकवून, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात, अगदी पाटी गिरवताना असायची तशी. तिच्या हातातला रिमोट बघून मला नवल वाटलं. त्याच्या उजव्या बाजूला एक छोटंसं चाक असतं, ते बोटांच्या टोकांनी फिरवतात. त्या चाकावर तिनं गुलाबी रबराचा जाड थर चढवला होता. पार गुबगुबीत झालं होतं ते. मी विचारलं तर म्हणाली, नवा प्रयोग आहे, पकड चांगली येते.

ती ते चाक बोटांनी नाही, तळहातानं फिरवत होती.

पहिली वळणं बरी गेली. मग एका उजव्या वळणावर गाडी जराशी बाहेर गेली. तिनं सावरली, पण उशिरा, आणि कडेच्या टायरला आपटून ती दोन कोलांट्या खाऊन डबक्यात उलटी पडली. हे म्हणाले, "जावई गेले." मुंगी धावली, मीही पाण्याची बाटली घेऊन तिच्यामागे. बॅटरी लगेच सोडवायची होती, आणि त्यासाठी बॉडी काढायला हवी, म्हणजे चार क्लिपा. तीन तिनं डाव्या हातानं ओढल्या. चौथी अडचणीत होती, तिथे उजवाच हात पोचत होता. अंगठा आणि बोट तिनं क्लिपेला लावलं, ते निसटलं. पुन्हा लावलं, पुन्हा निसटलं. मग तिनं लोकांकडे पाठ केली, वाकली आणि दातांनी ओढली.

मान वर केली तर समोर मी.

"वाऱ्यानं हात गारठलेत गं," ती म्हणाली आणि क्लिप नेहमीसारखी माझ्या हातात ठेवली. मी तेव्हा शर्यतीच्या पत्रकानं स्वतःला वारा घालत होते.

संध्याकाळी तिच्या खोलीवर गाडी उघडली, तेव्हा तिनं स्क्रूड्रायव्हर ह्यांच्या हातात दिला. तोवर तिनं त्यांना त्या गाडीच्या वाऱ्याला उभं केलं नव्हतं. हे एवढे हरखले की अजून भेटेल त्याला सांगताहेत, शेवटी पोरीनं बापाची किंमत ओळखली. मीही हसले. पण टेबलाखाली ती उजवा हात झटकत होती, थर्मामीटर झटकावा तसा. हे हात धुवायला गेले तेव्हा मी विचारलं, हाताला काय होतंय. काही नाही, काम वाढलंय, ती म्हणाली आणि जावईबापूंचा पडलेला दात शोधायला लागली.

आल्यापासून मी वाचतेच आहे. मुंगी दात घासायला धरते तसलं थरथरणारं मशीन दिवसभर हातात धरणाऱ्यांना हे होतं. मनगटातली नस दाबली जाते, बोटं बधिर होतात. वेळेवर दाखवलं तर पट्टा, व्यायाम, फार तर छोटंसं ऑपरेशन. नाही दाखवलं तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसाचा उंचवटा झिजत जातो आणि गेलेली ताकद परत येईलच असं नाही. असलंच काही नसेलही, मी डॉक्टर नाही. पण ती दाखवणार नाही हे मला माहीत आहे. दाखवलं तर विश्रांती सांगतील, विश्रांती म्हणजे बाईंना कळणार, बाईंना कळलं की पुढचे दात दुसऱ्या टेबलावर जाणार. मुंगी ओढत राहील, उचलत नसलं तरी.

म्हणून गेले चार दिवस माझ्या मनात बाईंना फोन करायचं घोळत होतं. अडीअडचणीला असावा म्हणून मुंगीनंच मला त्यांचा नंबर दिला होता. बाई समंजस आहेत. गुपचूप सांगितलं तर तिला जबरदस्तीनं डॉक्टरकडे पाठवतील, आणि माझ्या नावावर एक रुष्ट लेक जमा होईल, एवढंच. आज रात्री तर मी नंबर काढूनही ठेवला होता, सकाळी लावायचा म्हणून.

तेवढ्यात मुंगीनं पाठवलेला फोटो पुन्हा बघितला. गाडी दुरुस्त झाली, नवी बॉडी रंगवली, जावईबापूंना दात बसला. खाली लिहिलंय, "आई, बघ." मी कौतुकानं फोटो मोठा करून बघत गेले, जावयांचे दात, आकडे, दिवे, आणि बॉनेटवर येऊन थांबले. रेघ थरथरली आहे. मध्यावर जरा सुटली आहे, पुढे पुन्हा धरली आहे. आतून दिलेला रंग, झाकता न येणारा.

मला वाटलं, तिच्या लक्षात आलं नसेल. मग स्वतःचंच हसू आलं. दोन दातांच्या रंगातला केसाएवढा फरक जिला खिडकीच्या उजेडात दिसतो, तिला ही रेघ दिसली नसेल? पट्टी लावून ती सरळ काढता आली असती. फोटो दुसऱ्या बाजूनं घेता आला असता. घरच्या ग्रुपवर टाकला असता तर वाहवा मिळाली असती. तिनं तो फक्त मला पाठवला, बॉनेट समोर धरून.

बाईंना फोन करायचं मी रद्द केलं. फोन मुंगीला करायचा, उद्या सकाळी, ती लॅबला निघायच्या आधी. हे उठायच्या आत. एकदम हाताचं काढायचं नाही. आधी जावईबापूंची तब्येत विचारायची, तेल कुठलं घातलं ते विचारायचं, गाडी मांजरासारखी उतरते का तेही. ती बोलत सुटेल. बोलता बोलता कुठेतरी जरा थांबेल, आणि ते मला कळेल. मग म्हणायचं, मुंगे, रेघ दिसली मला. डॉक्टरकडे आपण दोघी जाऊ, मी येते. आणि पुढचे दात दुसरीकडे जायचेच असतील तर काही दिवस जाऊ देत, हात राहिला तर तेच परत येतील.

ती रागावली तर रागावू दे. फोन मी करणार.