मागं चालण्याचे दिवस

आमच्याकडं बाई पळताना दिसली की लोकांना एकच शंका येते: कुणाची तरी बाळंतीण अडली असणार. त्यातून मी नर्स. कुरुंद्याजवळच्या एका खेड्यात उपकेंद्रावर नोकरी, वय शेहेचाळीस, पायात बूट. पळायला सुरुवात केली तेव्हा दूधवाले मोटारसायकल थांबवून विचारायचे, "शिष्टर, कुनाचं पोट दुखून राहिलं? बसा, सोडतो." चार वर्षांत गावाला सवय झाली आणि मला दर रविवारी बारा किलोमीटरची. दिवसभर मी लोकांची असते. सकाळचा तो तास तेवढा माझा.

यंदा सोयाबीन निघालं आणि त्याच आठवड्यात कॅनॉलच्या चढावर माझ्या उजव्या पोटरीत टच्कन झालं. डॉक्टर म्हणाले, स्नायू ताणलाय, फार काही नाही, तीन आठवडे दम धरा. दम धरणं माझ्या रक्तात नाही. हळदीच्या मुलखात राहते, तेव्हा शेजारणीनं रोज गरम हळदीचा लेप बांधला आणि मी आठ दिवस खाटेवर पडून राहिले. नवव्या दिवशी दुखेना. पिवळीधमक पोटरी घेऊन मी एकदम बारा किलोमीटरला निघाले.

चौथ्या किलोमीटरला पुन्हा तिथंच कळ आली, आधीपेक्षा जोरात. लोकांना 'दुखणं अंगावर काढू नका' म्हणून रागावणारी मी रस्त्याच्या कडेला बसून रडले. दुखत होतं म्हणून नाही. आता या वयात आपलं पळणं संपलं, असं वाटलं म्हणून.

शेजारच्या रिकाम्या वावरात मेंढरं बसवलेली होती. लेंडीखत मिळावं म्हणून आमचे शेतकरी पीक निघाल्यावर मेंढपाळांचा कळप काही दिवस शेतात मुक्कामाला ठेवतात. कळप राखणाऱ्या एक मावशी माझ्याजवळ आल्या. साठीच्या पुढच्या, काटक, हातात काठी.

"काहून रडून राहिल्या, शिष्टर?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी समजूत घातली नाही. खाली बसल्या, मेंढीचा पाय धरावा तशी माझी पोटरी धरली आणि अंगठा नेमका दुखऱ्या जागी ठेवला. मी किंचाळले.

"आठ दिस लोळल्या अन् एकदम पळाल्या? मग बराबर आहे."

त्यांनी काठीनं एक मेंढी दाखवली. मागच्या पायानं लंगडत होती. "हिला मी बांधली न्हाई. बांधली की पाय आखडतो. हाकलत बी न्हाई. माझ्याजवळ मागं चालवते, तिच्या मनानं. बरी झाली की तिची ती कळपात मधी जाते."

"आणि नाही झाली तर?"

"आमी काय इथंच ऱ्हातो का? जिला चालता येत न्हाई तिला बाजार दाखवावा लागतो." हे म्हणताना त्यांनी मेंढीकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ड्युटीच्या आधी दूधवाल्याच्या मोटारसायकलवरून तिथं जाऊन मी कळपाच्या मागं चालू लागले: मावशी, लंगडी मेंढी आणि मी. गावानं यथेच्छ टिंगल केली. शिष्टरनं नोकरी सोडली का, असंही विचारलं.

मी मात्र मावशींकडं बघत राहायची. मेंढी थांबली की त्या थांबायच्या. कधी लुगड्याला चिकटलेली कुसळं काढायच्या, कधी नुसत्याच उभ्या राहायच्या, पण चुचकारायच्या नाहीत की ढोसायच्या नाहीत. बाकीचा कळप पुढं जायचा, तरी त्यांच्या चालण्यात घाई शिरायची नाही. इतकी शिकलेली माणसं मी पाहिली, पण इतकं थांबता येणारं माणूस पाहिलं नव्हतं. मला त्यांचा हेवा वाटायचा.

दहाव्या दिवशी मी चुळबुळले. "मावशी, आज थोडं पळू?"

"एका पायावर उभ्या ऱ्हावा," त्या म्हणाल्या. "चालताना दुसरा पाय ढकलून नेतो. उभं ऱ्हाताना पाय खरं बोलतो."

मी उजव्या पायावर उभी राहिले. पोटरी थरथरली.

"न्हाई अजून."

सोळाव्या दिवशी थरथरली नाही. त्या दिवशी मी रस्त्याकडेच्या एका कडुलिंबापासून दुसऱ्या लिंबापर्यंत पळाले. दुसऱ्या दिवशी तीन लिंबं, मग रोज थोडं थोडं जास्त. मेंढी अजून मागंच होती.

आणि एका सकाळी वावर रिकामं. नुसत्या लेंड्या आणि तुडवलेली माती. कळप जवळा बाजार गावाच्या अंगाला गेला, असं कुणीतरी सांगितलं. बाजार हा शब्द ऐकून मला लंगडी मेंढीच आठवली.

रविवारी मी त्याच वाटेनं पळत निघाले, सावकाश, माझ्या मनानं. चौथा किलोमीटर आला तेव्हा मी एकेक पाऊल मोजत होते. काही झालं नाही. पाचवा गेला, सहावा संपत आला. पळता पळता मी एकटीच हसत होते. एका वळणावर मेंढरं दिसली.

"मावशी, ती कुठंय?" मी धापा टाकत विचारलं.

"मधी."

मी कळपात शोध शोध शोधलं. सगळ्या सारख्याच चालत होत्या. "कोणती?"

"मलाच आता वळखू येत न्हाई," त्या म्हणाल्या आणि गालातल्या गालात हसल्या.

मग मी वाट बघत राहिले. एवढ्या लांब पळत आले होते, त्या माझ्या पायाचं काहीतरी विचारतील असं वाटलं. त्यांनी विचारलं नाही. मला थोडा रागच आला.

"मावशी, माझा पाय नाही विचारलात?"

"मधी गेलेल्याला मी इचारत न्हाई."

माझे डोळे भरून आले. मी त्यांच्या पाया पडले आणि घराकडं पळू लागले. थोडं पुढं जाऊन वळून पाहिलं. मावशी माझ्याकडं बघत नव्हत्या. दुसरंच एक मेंढरू मागं पडलं होतं आणि त्या त्याच्यासाठी थांबल्या होत्या.