हत्तीची कमान

आमच्या चौकात शिरायला एकच गाडीवाट, ती काळ्या दगडाच्या कमानीखालून. नगरमध्ये अशा कमानी पुष्कळ. पण माझ्या वडिलांच्या लेखी कमान म्हणजे आमचीच. दुकानात भांडी घ्यायला आलेल्या माणसालाही ते सोडत नसत. "हत्ती जायचा यातून. अंबारीसकट!" गिऱ्हाईक बिचारं कुकरची शिट्टी मागायला आलेलं असे.

चौक तसा लहान. मध्ये कोरडा दगडी हौद, त्यात पूर्वी गावाबाहेरून खापरी नळानं पाणी यायचं. भोवती दगडी जोत्यांवर चुन्याच्या भिंतींची घरं, वर लाकडी सज्जे, खाली दुकानं. कमानीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कमळ कोरलेलं. लहानपणी वडील मला खांद्यावर घेऊन त्या कमळाखाली उभे राहायचे. मी हात ताणताण ताणायची, पण कमळ काही हाताला लागायचं नाही. "मोठी झालीस की लागेल," ते म्हणायचे.

लागलं खरं. पण ज्या दिवशी लागलं त्या दिवसाची आठवण आली की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

मी राहुरीहून दोन दिवसांसाठी माहेरी आले होते. भर दुपारी आई मेथी निवडत बसली होती, ती एकदम छाती धरून आडवी झाली. घामानं चिंब. रुग्णवाहिका लगेच आली, सायरन ऐकून मला धीरही आला. मग दगडावर पत्रा घासल्याचा आवाज झाला आणि सायरन जागच्या जागी वाजत राहिला. मी धावले. गाडीच्या टपावरचा दिवा कमानीला अडकला होता.

"ताई, न्हाई जात गाडी. पेशंटला हितवर आना," ड्रायव्हर म्हणाला.

मला आधी समजेचना. जिथून हत्ती जायचा तिथून रुग्णवाहिका जात नाही? शेजाऱ्यांनी तोवर केळीवाल्याची हातगाडी रिकामी केली, घड रस्त्यावरच ठेवले आणि आईला तिच्यावर निजवलं. वडील अनवाणी, हातगाडीच्या दांडीला धरून. आम्ही कमानीपाशी पोचलो, वाट निघावी म्हणून ड्रायव्हर गाडी मागं घेत होता, आणि मी धक्का लागू नये म्हणून बाजूच्या दगडावर हात टेकला. माझ्या तळव्याखाली कमळ होतं. टाचासुद्धा उचलाव्या लागल्या नव्हत्या.

कमान खाली आली नव्हती. रस्ता वर चढला होता. डांबरावर खडी, खडीवर डांबर, वर सिमेंट, वर पुन्हा डांबर. आमच्या दुकानाला तीन पायऱ्या होत्या, त्यावर बसून मी गजगे खेळले होते. आता दुकानात शिरताना एक पायरी उतरावी लागते. मी दर सुट्टीत ती उतरत होते आणि माझ्या डोक्यात कधी काही आलं नाही. माणूस इतका आंधळा असू शकतो?

आई वाचली. "अजून उशीर झाला असता तर अवघड होतं," एवढंच डॉक्टर म्हणाले, आणि ते 'तर' मी पुढं कित्येक दिवस गिळत राहिले.

ती घरी आल्यावर चौकातली मंडळी भेटायला जमली. बिस्किटाचे पुडे ठेवून झाले आणि बोलणं कमानीवर आलं. पाडायची. आज तुमच्यावर वेळ आली, उद्या आमच्यावर येईल. मी भडकलेच. "हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! कमानीनं काय केलं? रस्ता खोदा आणि खाली घ्या."

सगळे माझ्याकडे बघत राहिले. "पाइपासाठी खोदतात, केबलसाठी खोदतात," समोरचे कापडवाले काका समजुतीनं म्हणाले, "पण खाली करायला कुनी रस्ता खोदतं का बाई?"

वडील बिस्किटाचे पुडे एकावर एक रचत बसले. मग कोणीतरी आईलाच विचारलं. मला खात्री होती, ती माझ्या बाजूनं बोलेल. लग्न होऊन मिरजगावहून ती याच कमानीखालून आली होती.

"पाडा," आई म्हणाली. "हत्ती कुनी पाह्यलाय? मी पाह्यली ती कमान, गाड्यावर आडवं पडून. लई जवळ हुती."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. दुसऱ्या कुणाशी मी भांडले असते. तिच्याशी कोणत्या तोंडानं भांडणार? वडिलांकडे बघवत नव्हतं.

आमच्या चौकात कुठलंही काम नारळ फोडल्याशिवाय सुरू होत नाही, आणि नारळ फोडायचा मान चौकातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा. गेली कित्येक वर्षं तो माझ्या वडिलांकडे होता. रस्त्याच्या प्रत्येक नव्या थराला त्यांनीच फोडला होता, आणि खुशीनं. रस्ता वर गेला की दारात साचलेलं पावसाचं पाणी पुढं सरकायचं ना!

कमान पाडायला जेसीबी आला तेव्हाही रिवाजाप्रमाणे नारळ त्यांच्याच हातात दिला गेला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, याचाच मला धक्का बसला. वडील नारळ घेऊन कमानीखाली गेले. कमळावरून एकदा हात फिरवला. मग वळून म्हणाले, "आजवर फोडले ते सगळे नारळ मी हिच्याच डोक्यावर फोडले की रे."

वडील तो नारळ तसाच हातात घेऊन घरी आले, पायरी उतरले आणि गल्ल्यावर बसले. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल, आता थांबवतील.

कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरा नारळ आणायला फारसा वेळ लागला नाही.