पिल्लू शिकतं, घरच शिकत नाही

लॅब्रॉडॉरचे केस आणि त्याच्या मालकांचे किस्से, दोन्ही कितीही झाडले तरी दुसऱ्या दिवशी पँटला नवे चिकटलेले असतातच! आम्ही दोघे भाऊ चंदीगडमध्ये घरोघर जाऊन कुत्र्याची पिल्लं शिकवायचो. दादा फौजेत कुत्री सांभाळायचा. तिथून सुटल्यावर इथंच राहिला. मी नववीत शाळा सोडली आणि पुढं कुठंच टिकेना, म्हणून त्यानं मला साताऱ्याकडच्या आमच्या गावातून बोलावून घेतलं. मनीमाजऱ्यात दोन खोल्या, एक स्कूटर, पिशवीत पट्टे, दोऱ्या आणि उकडलेल्या कलेजीचे तुकडे. जेवताना आम्ही वहिनीला दिवसभराचं सांगायचो आणि हसून हसून तिला ठसका लागायचा.

दादाला जाऊन अडीच महिने झाले. स्कूटरला मागून गाडीनं उडवलं. हेल्मेट घातलेलं होतं. लोक पहिला प्रश्न तोच विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकतो.

त्याची अकरा घरं होती. माझ्याकडं चार उरलीत. तीही सुटली तर वहिनी आणि मी सामान बांधून गावाकडं. असो. किस्से ऐका.

* * *

एका बड्या साहेबांच्या कोठीत, म्हणजे बंगल्यात, पिल्लू यायचं होतं. तयारी बघायला दादाला बोलावलं. तयारी म्हणजे काय विचारता! पिल्लासाठी वेगळी खोली. मऊ गादी, गादीवर त्याचं नाव. हिवाळ्याचे चार स्वेटर. भटजी येऊन नारळ फोडून गेलेले.

दादानं सगळं बघितलं, छान छान म्हणाला, आणि विचारलं, "जुने पेपर आहेत का?"

"पेपर? आम्ही सगळं फोनवर वाचतो," साहेब म्हणाले.

तेवढ्यात पिल्लू आलं. दोन महिन्यांचं, मुठीएवढं. खाली ठेवल्या ठेवल्या काश्मिरी गालिच्याच्या बरोबर मधोमध जाऊन त्यानं कार्यक्रम उरकला.

दादा म्हणाला, "साहेब, त्याला वाचायचा नव्हता!"

* * *

हवाई दलातल्या एका अधिकाऱ्यांच्या मुलाला हस्कीच पाहिजे होती. बर्फातलं कुत्रं, आणि इथला जून महिना! दादानं हात जोडून सांगितलं, "सर, नको. दुसरं कुठलंही घ्या." त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात हस्की आणली.

घरात एसी एकच. तो लागला हस्कीच्या खोलीत. ती खोली होती आजोबांची. आजोबा नाशिकहून सुनेच्या आग्रहानं आलेले, ते आता खाट टाकून व्हरांड्यात.

आम्ही शिकवायला गेलो की आजोबा आमच्याकडं बघत बसायचे. एक दिवस दादाला म्हणाले, "अहो मास्तर, एक मलाही शिकवा ना."

"काय शिकवू, आजोबा?"

"जीभ बाहेर काढून धापा टाकायला. मग माझ्याकडेही कुणीतरी एसी फिरवेल!"

* * *

युनिव्हर्सिटीत शिकवणारे एक प्रोफेसर. पिल्लू यायच्या आधी त्यांनी तीन पुस्तकं वाचली, घरच्यांची मीटिंग घेतली आणि नियमांचा कागद लॅमिनेट करून फ्रिजवर चिकटवला. नियम पहिला: टेबलावरचं अन्न पिल्लाला कुणीही देणार नाही.

महिन्याभरात पिल्लू उशीसारखं फुगलं.

प्रोफेसरांनी सगळ्यांना उभं केलं. बायको म्हणाली, मी नाही. मुलगी म्हणाली, मी नाही. कामवाल्या दीदीनं तर देवाची शपथ घेतली. प्रोफेसर दादाला म्हणाले, "बघा, या घरात कुणालाच शिस्त नाही!"

दादा म्हणाला, "सगळे जेवायला बसा. रोजच्यासारखे."

सगळे बसले. दादानं पिल्लाची दोरी सोडली. ते बायकोकडं गेलं नाही, मुलीकडं गेलं नाही. सरळ प्रोफेसरांच्या खुर्चीजवळ गेलं, पुढचे दोन्ही पाय त्यांच्या मांडीवर ठेवले आणि तोंड उघडून बसलं.

प्रोफेसर म्हणाले, "हे... ते रविवारी एकदाच..."

बायको उठली आणि फ्रिजवरचा कागद काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

* * *

सेक्टर बत्तीसमधल्या जोशी काकूंच्या घरची तऱ्हा वेगळी. काका पिल्लाला इंग्रजीत हुकूम द्यायचे. काकू मराठीत. मुलगा हिंदीत. दादा रोज सांगायचा, "काकू, एका घरात एकच शब्द ठेवा. त्याला काय तीन-तीन भाषांचे पेपर द्यायचेत?" कोण ऐकतंय! प्रत्येकाला वाटायचं, शब्द माझाच ठेवावा.

पिल्लू कुणाचंच ऐकेना. मात्र स्वयंपाकाला जालंधरचा बिट्टू होता, तो नुसता "बैह जा ओए!" म्हणायचा आणि पिल्लू धपकन खाली. का, तर त्याचं जेवण बिट्टूच द्यायचा, आणि जेवणाच्या आधी रोज हेच तीन शब्द.

मग दादानं निकाल देऊन टाकला. घरात एकच शब्द, बिट्टूचा.

पुढच्या मंगळवारी आम्ही गेलो तर आत पूजा चाललेली. काकू सोवळ्यात, हातात निरांजन, पिल्लू देवघराच्या उंबऱ्यावर. आरती न थांबवता काकू मध्येच इतक्या जोरात ओरडल्या, "बैह जा ओए!"

काका बसले!

* * *

हा किस्सा वहिनीला सांगितलेला नाही.

दादाचा दहावा होता. गावाला जाणं जमलं नाही, सगळं इथंच केलं. मी घाटावरून परत आलो आणि दादाचा फोन वाजला. एक मॅडम. पिल्लाचं नाव कोको, आडनावासकट.

"बातमी कळली हो. फार वाईट झालं. अगदी शॉक बसला आम्हाला. कोको तर दोन दिवस नीट जेवला नाही."

मी खांद्यावरचा ओला पंचा दोरीवर टाकला.

"बरं, मग उद्या सकाळी कोण येणार?"

मी म्हटलं, "दादालाच पाठवतो." आणि फोन ठेवला.

ते घर गेलं. जाऊ दे गेलं तर!

* * *

त्यानंतर एका इंजिनिअर साहेबांकडं गेलो. त्यांनी मला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमचं क्वालिफिकेशन?"

"नववी."

"नाही म्हणजे, यातलं. डॉग सायकॉलॉजीचं काही सर्टिफिकेट?"

मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग कसं करायचं?" मी म्हटलं, "कुत्र्याला विचारा." दादा असता तर त्यानं मला तिथंच चिमटा काढला असता. तोंड आवर, म्हणाला असता.

तेही घर गेलं. त्यांनी दुसरा माणूस ठेवला. गळ्यात शिट्टी, छातीवर बिल्ला, सर्टिफिकेट फ्रेम करून सोबत आणलेलं. दात येणाऱ्या पिल्लाच्या तोंडात त्यानं पहिल्याच दिवशी बोट घातलं, हिरड्या तपासायला. पुढचा आठवडाभर त्याची शिट्टी डाव्या हातात होती!

मला हे सांगायला इंजिनिअर साहेबांचा माळी मनीमाजऱ्यापर्यंत सायकल मारत आला. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी हसलो. मग वहिनीकडं बघितलं. तीही हसत होती, पदर तोंडाला लावून. मी पिशवी उचलून भाजी आणायला बाहेर पडलो. भाजी घरात होती.

* * *

आता शेवटचा.

इथल्या मराठी कुत्रेवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्याच्या सर्वेसर्वा म्हणजे मोठ्या हॉस्पिटलातल्या एक डॉक्टर मॅडम. त्या ज्याला बरा म्हणतील त्याला सगळे बोलावणार, नाही म्हणतील तर माझी उरलेली चारही घरं एका मेसेजवर जाणार. त्यांचं पिल्लू गुंडू. दादानं त्याला दोन महिन्यांचा असताना हातात घेतलं होतं, आता तो पाच महिन्यांचा दांडगट झालेला.

मॅडमनी मला रविवारी बोलावलं. स्पष्ट बोलणारी बाई. म्हणाल्या, "हे बघ सुनील, भावाचं दुःख मला समजतं. पण मी ग्रुपवर खोटं लिहिणार नाही. लॉनच्या त्या टोकाला उभा राहा आणि गुंडूला बोलव. आला तर पक्का. नाही आला तर सॉरी."

मी टोकाला गेलो. हाक मारली, "गुंडू, ये!"

गुंडूनं बघितलं आणि गवत हुंगायला लागला.

कलेजी दाखवली. नाही. गुडघ्यावर बसलो, टाळ्या वाजवल्या. नाही. मग मी चिडून ओरडलो, तर त्यानं शेपूट आत घातली आणि मॅडमच्या खुर्चीखाली जाऊन बसला. ओरडू नये हे मला माहीत आहे. पहिल्या दिवशी दादानं हेच शिकवलं होतं.

पायरीवर मॅडमची दहा वर्षांची मुलगी बसली होती. मराठी समजतं, बोलते हिंदी. म्हणाली, "मम्मा, इनकी नहीं सुनेगा. बड़े वाले अंकल की तो एक बार में सुनता था. मेरे पास वीडियो भी है, दिखाऊँ?"

मॅडम म्हणाल्या, "पिहू, नको आत्ता."

पण तिनं तोवर लावला होता. फोनचा आवाज पूर्ण मोठा.

"ये रे गुंड्या, ये ये ये! शाब्बास रे माझ्या वाघा!" दादा हसत होता. मग एकदम त्याचा आवाज बदलला. "ए सुन्या! गेट उघडं टाकलंस होय रं? पळ, पळ लवकर!"

मी पळालो.

लॉन ओलांडून, गुलाबाच्या वाफ्यातून, चपला तिथंच टाकून. जाऊन दोन्ही हातांनी गेट धरलं. गेट बंदच होतं. कडी लावलेली होती. तरी मी धरून उभा राहिलो.

तेवढ्यात मागून धाडधाड पाय वाजले. गुंडू, कान उडवत, जीभ बाहेर काढून, सुटलेला! येऊन माझ्या पोटऱ्यांवर आदळला आणि माझ्या पावलांवर बसला.

लॉनमधून मॅडम टाळ्या वाजवत होत्या. "अरे वा! आला की! सुनील, ही कुठली नवीन ट्रिक?"

मी गेटकडं तोंड ठेवूनच म्हटलं, "दादाची, मॅडम."