पाय लागल्यावरचा नमस्कार

त्यानं बूट पुढं केला आणि म्हणाला, "डू इट अगेन."

मी पुन्हा वाकलो. त्याच्या पायाला बोटं लावली तर त्यानं तोच बूट माझ्या हातावर ठेवला आणि वजन टाकलं. बुटाखालचे स्टड बोटांत घुसले.

दोन हजार सतराचा हिवाळा. कॅनडातलं एडमंटन. बाहेर बर्फ आणि आत हवेनं फुगवलेल्या डोममध्ये प्लास्टिकचं हिरवं गवत. आमच्या टीमची प्रॅक्टिस चालू होती. चेंडू काढून घेताना माझा पाय रोहनच्या नडगीला लागला. फुटबॉल आहे, पाय लागणारच. पण मला कळायच्या आधी माझा हात खाली गेला, त्याच्या पायाला लागून माझ्या कपाळाला आला. पोरं हसली. रोहनला मजा वाटली, म्हणून त्यानं पुन्हा करायला लावलं.

रोहन टीमचा कॅप्टन. मालकाचा मुलगा. जन्म इथलाच, मराठी कळतं पण बोलत नाही. मालक कडेला कॉफी पीत उभे होते.

"असू दे रे रोहन," ते म्हणाले. "संस्कार आहेत पोरावर."

पोरं आणखी हसली. बोटांतून रक्त येत होतं. मीही हसलो.

मालक कोल्हापूरचे. मीही कोल्हापूरचा. ऐकणाऱ्याला वाटेल, वा, परमुलखात गाववाले भेटले. पहिल्या दिवशी त्यांनी आडनाव विचारलं. मग गल्ली विचारली. गल्ली ऐकून "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये सगळं आलं. टीममधली देशी पोरं त्यांना काका म्हणायची. मी साहेब म्हणायचो. मला त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही.

त्यांचं कोल्ड स्टोरेजचं गोदाम होतं. कॉलेज संपल्यावर मी तिथं लागलो. ते नोकरीवर ठेवतील तोवर माझं पीआर, म्हणजे इथं कायम राहायचा परवाना, पुढं सरकणार. नोकरी गेली की पीआर गेलं आणि मी परत गल्लीत. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि रोहनलाही माहीत होतं.

आमच्याकडं कोल्हापुरात तालमी-तालमींचा फुटबॉल असतो. मॅच म्हणजे लढाईच. मैदान भरतं, गुलाल उडतो, कधी दगडही उडतात. मी अटॅकिंग मिडफिल्डर. चांगला होतो. हे सांगायला मला कुणाची परवानगी नको. म्हणून तर वरच्या गल्लीच्या तालमीनं मला घेतलं. गोल मारला की खांद्यावर. मॅच संपली की पायरीच्या खाली.

पाय लागला की नमस्कार सगळेच करतात. घरात करतात, एसटीत करतात, आणि ज्याचा पाय लागेल तो करतो. त्या तालमीत तसं नव्हतं. माझा पाय त्यांना लागला की मी वाकायचं. एकदा खेळाच्या नादात विसरलो तर गोलकीपरनं कानफटात अशी ठेवून दिली की कान किती तरी दिवस वाजत होता. त्यांचा पाय मला लागला, म्हणजे सरळ लाथ बसली, तरी काही नाही. लोणच्यात मीठ मुरतं तसं ते वाकणं माझ्यात मुरलं आणि माझ्याबरोबर विमानात बसून कॅनडाला आलं.

मग वाल्दिर आला.

ब्राझीलचा. माझ्याच जागेवर खेळणारा. माझ्याहून काळा, पस्तिशी ओलांडलेला, पण चेंडू पायाशी आला की वय विसरायला लावणारा. मालकांना कप पाहिजे होता म्हणून त्यांनी त्याला आणला. कागदावर गोदामातला कामगार, खरं काम टीममध्ये. आम्ही दोघं एकाच बेसमेंटमध्ये राहायचो. पोर्तुगाल, सायप्रस, तुर्कस्तान, इराण, व्हिएतनाम, माल्टा असं सगळीकडं खेळून तो आला होता. मालक पाहुण्यांपुढं मिरवायचे, आमच्याकडं जग फिरलेला प्लेयर आहे.

एकदा राजमा शिजवता शिजवता त्यानं मोडक्या इंग्रजीत आपलं जग फिरणं मला सांगितलं. एका देशात प्रेक्षकांनी केळी फेकली, माकडासारखे आवाज काढले. त्यानं बॅग भरली. एका ठिकाणी सुजलेल्या गुडघ्यात इंजेक्शन टोचून खेळवलं आणि गुडघा संपल्यावर खोलीला कुलूप लावून सामान रस्त्यावर टाकलं. त्यानं ते उचललं आणि निघाला. एका ठिकाणी स्वतःच्याच टीममधला एकजण तोंडावर थुंकला. तोंड पुसून हा पुढच्या देशात.

"मी जग बघितलं नाही," तो म्हणाला. "मी सगळीकडून पळालो."

मग त्यानं माझ्या वाकण्याबद्दल विचारलं. मी सांगितलं, आमच्यात पाय लागला की माफी मागतात, चांगली रीत आहे. त्यानं डाव भांड्यात तसाच ठेवला.

"मग तो का मागत नाही?"

मी कांदा चिरत बसलो.

पुढच्या प्रॅक्टिसला वाल्दिरनं मला पाडलं. साधी टक्कर होती. मी उठायच्या आत तो वाकला, माझ्या पायाला हात लावला आणि कपाळाला नेला. नीट, कुणी शिकवल्यासारखं.

आजवर मैदानात ज्यांचे ज्यांचे पाय मला लागले, त्यांतल्या एकानंही हे केलं नव्हतं. मला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. राग आला. तालमीचा, गोलकीपरचा, साहेबांचा, माझ्या स्वतःच्या हाताचा.

रोहननं ते पाहिलं. थोड्या वेळानं वाल्दिरनं त्याच्या दोन्ही पायांमधून चेंडू काढला आणि पुढं जाताना दोघांचे पाय आपटले. रोहननं बूट पुढं केला. "मी टू," म्हणाला.

वाल्दिरनं बुटाकडं पाहिलं. "नो," म्हणाला आणि चेंडू घेऊन गेला.

पोरं हसली. या वेळी रोहनला हसली. मालकांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि मराठीत म्हणाले, "रोहन, याला जागा दाखव."

वाल्दिरला मराठी येत नव्हतं. जवळ उभ्या असलेल्या गोऱ्या, पंजाबी, फिलिपिनो पोरांना येत नव्हतं. मी तिथं होतो, पण मी त्यांच्या मोजणीत नव्हतो.

पुढचा चेंडू दुसऱ्याच टोकाला होता. रोहन मागून धावत आला आणि दोन्ही पायांनी वाल्दिरच्या नडगीवर उतरला. वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. मोजा फाटून हाड बाहेर आलं. पांढरं. वाल्दिर आपल्या भाषेत आईला हाका मारत होता, ते समजायला भाषा लागत नाही. मी त्याचा पाय धरून बसलो. माझे हात त्याच्या रक्तानं चिकट झाले.

कुणीतरी अँब्युलन्सला फोन केला. मालक माझ्याजवळ आले, वाकले, हळू बोलले.

"बॉलवरच गेला होता रोहन. तू बघितलंस. कुणी विचारलं तर तेवढंच सांग. तुझ्या पीआरचं मी बघतो."

मी उठलो. रोहन समोरच उभा होता. उठताना माझा पाय त्याच्या बुटाला लागला. हात खाली निघाला. खरंच निघाला. अर्ध्या वाटेत मी त्याची मूठ केली आणि रोहनच्या नाकावर मारली. नाक फुटलं. तो खाली बसला तरी मी पुन्हा मारली. मग दोघा-तिघांनी मला पाडलं, बरगड्यांत लाथा घातल्या. मालकांनी माझी कॉलर धरली.

"लायकी दाखवलीस शेवटी."

माझ्या तोंडात रक्त होतं. मी म्हणालो, "काका, तो बॉलवर गेला नव्हता. आणि तुम्ही त्याला काय म्हणालात, ते मी पोलिसांना इंग्रजीत सांगणार."

त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मी काका म्हणालो. त्यांनी कॉलर सोडली.

मी सांगितलं. केस उभी राहिली. रोहनवर, आणि नाक फोडलं म्हणून माझ्यावरही. नोकरी त्याच आठवड्यात गेली, बेसमेंट गेलं, लीगनं मला बाहेर काढलं. वाल्दिरच्या पायात रॉड घातला. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण खेळणार नाही. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तो पायाकडं बघून म्हणाला, "या वेळी पळता येणार नाही." आणि हसला. मला हसू आलं नाही. महिन्याभरानं व्हीलचेअरवरून त्याला ब्राझीलच्या विमानात बसवलं. त्याची जबानी पोलिसांनी लिहून घेतली होती, पण मालकांचं वाक्य तिच्यात नव्हतं. ते समजलेला साक्षीदार मी एकटाच.

आता मी मटणाच्या कारखान्यात हाडं कापतो. पीआर लोंबकळतंय. गेल्या आठवड्यात मालकांनी एका माणसाकरवी निरोप धाडला. नीट ऐकू आलं नव्हतं एवढंच म्हण, पुन्हा कामावर घेतो, गाववाला आहेस, जरा वाकलास तर सगळं निभावेल.

निरोप आणणारा भला माणूस होता. मलाच समजावत होता, तुझंच नुकसान आहे. आहेच. घरी आईलाही तसंच वाटतं, फोनवर रडते.

कोर्टाची तारीख पडली आहे. मी जाणार. "याला जागा दाखव." हे शब्द मी आधी मराठीत म्हणणार, जसे ते म्हणाले तसे. मग त्यांचा अर्थ सांगणार, एकही शब्द मऊ न करता. मालक समोर बसलेले असतील. मी ताठ उभा राहीन.